मायक्रोवेव्हचा फ्यूज सारखा उडतोय? आधी दाराचे स्विच तपासा

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर जास्त अँपिअरचा टाका, असा सल्ला काही जण देतात. कृपा करून असं करू नका. मायक्रोवेव्हचा फ्यूज कधी कधी मुद्दाम उडवला जातो. दाराच्या खटक्यामागे बहुधा तीन मायक्रोस्विच (दाराने दाबले जाणारे छोटे स्विच) असतात. दार उघडताच दोन वीज तोडतात आणि तिसरा त्यांच्यावर पहारा ठेवतो. पहिल्याचे संपर्क चिकटून बसले, तर दार उघडल्याबरोबर तिसरा थेट शॉर्ट करतो आणि फ्यूज जातो. उघड्या दाराने मॅग्नेट्रॉन (मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारा भाग) चालू राहू नये म्हणूनच ही सोय आहे. मोठा फ्यूज टाकलात की नेमकं तेच संरक्षण कमी होतं.

आमच्याकडे असंच झालं होतं. दार उघडलं की ‘टक्’, आणि आतला दिवासुद्धा बंद. दोन फ्यूज गेल्यावर दुरुस्तीवाल्याने स्विच काढून मल्टिमीटरची टोकं लावली. बटण सोडलेलं, तरी बझर वाजतच होता, म्हणजे संपर्क चिकटलेलेच! त्याने तिन्ही स्विच फ्यूजसकट बदलले, कारण शॉर्टच्या झटक्यात तिसऱ्याचे संपर्कही भाजतात.

आणि ‘प्लग काढून खुशाल उघडा’ असंही सांगतात, ते तर मुळीच पटत नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) हजारो व्होल्टचा भार उरलेला असू शकतो. तो सुरक्षितपणे उतरवता येत नसेल, तर झाकणाच्या स्क्रूला हातही लावू नका.