मक्याला युरिया जमिनीप्रमाणे कमी-जास्त द्यायचाय, पट्ट्यांची चाचणी कशी आखू?

नमस्कार मंडळी,

कन्नड तालुक्यात आमचं दोन एकरांचं सलग रान आहे. वरच्या बांधाकडे मुरमाड, वीतभर खाली गेलं की कुदळ खणकते. खालच्या अंगाला काळी भारी जमीन, जोराचा पाऊस झाला की तिथलं पाणी लवकर हटत नाही. खरिपाच्या मक्याला मात्र सगळीकडे खत एकच: पेरताना एकरी एक बॅग डीएपी, मग महिन्याने आणि दीड महिन्याने मिळून दोन बॅगा युरिया. दोन्ही खतांतलं नत्र (नायट्रोजन) धरलं तर एकरी ५० किलो, म्हणजे हेक्टरी १२० किलोच्या शिफारशीच्या आसपासच.

तरी तुरा यायच्या आधीच मुरमाडावरची खालची पानं शेंड्याकडून पिवळी पडत येतात, मधल्या शिरेने आत, इंग्रजी व्हीसारखी. नत्र कमी पडतंय हे उघड आहे. मी म्हणतो तिथे एक हात जास्त टाकू. धाकटा म्हणतो, मुरमाडात टाकलेलं पावसाबरोबर झिरपून जातं, जिथे कणीस भरतं तिथेच टाक. दोघांचंही पटण्यासारखं आहे, म्हणून यंदा रानालाच विचारायचं ठरवलंय.

पैसे वाचवणं हा हेतू नाही. ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांना, त्यात नत्र २०.७ किलो, म्हणजे किलोला १३ रुपये. मका २० रुपये किलोने गेला तरी पाऊण किलो दाण्यात खर्च निघतो. अडचण बॅग मिळण्याची आहे. ऐन जुलैत दुकानदार युरियासोबत नको ते गळ्यात मारतो. तेव्हा बॅगा तेवढ्याच, त्या कुठे जास्त टाकायच्या एवढंच ठरवायचंय.

विचार असा: आठ-आठ ओळींचे पट्टे, युरिया एकरी शून्य, दोन आणि तीन बॅगा, डीएपी सगळ्यांना सारखं. पण पेरणी उताराला आडवी असते, त्यामुळे एक पट्टा अख्खा मुरमाडात आणि दुसरा अख्खा काळीत जातो. मग तुलना कशाशी करायची?

उत्तर १

दादा, त्यासाठी उभी पेरणी करू नका, माती वाहून जाईल. मुरमाडात सगळ्या मात्रांचा एक संच, काळीत दुसरा, आणि प्रत्येक संच दोनदा. पट्टे आखूड चालतील. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर तीन बॅगांचा पट्टा नकळत बऱ्या जागी जातो.

एक बॅगेचा पट्टाही हवाच. तुम्हाला एकीकडची बॅग काढून दुसरीकडे द्यायचीय ना? मग मुरमाडात तिसऱ्या बॅगेने किती वाढतं आणि काळीत दुसरी काढल्याने किती घटतं, हे दोनच आकडे समोरासमोर ठेवा. एकूण पीक काळीचंच जास्त येणार, त्यावरून भांडू नका.

कडेच्या ओळी सोडून मधल्या चार ओळींची दहा-दहा मीटर कणसं मोडा, म्हणजे साधारण २४ चौरस मीटर. दाण्यांचा ओलावा मोजून वजन १४ टक्के ओलाव्याच्या हिशेबात आणा. २५ टक्के ओलावा असेल तर वजन गुणिले ७५ भागिले ८६. काळीतला मका उशिरा वाळतो, हे न केल्यास त्याचं वजन फुगलेलं दिसेल.

पाणी साचलं ते दिवस वहीत लिहा, तेव्हा काळीतलं नत्र वायू होऊन उडतं. लष्करी अळीची फवारणी सगळ्या पट्ट्यांवर एकाच दिवशी करा. आणि एका हंगामावर निकाल लावू नका, कोरड्या वर्षी उलटंही दिसेल.

धागाकर्ता

आभारी आहे. एक बॅगेचा पट्टा घेतोच. शून्याचा पट्टा रस्त्याकडेला नको, असं धाकट्याचं म्हणणं, येणारे-जाणारे नावं ठेवतील! तो मध्ये घेऊ. ओलावा मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. नमुने बंद पिशवीत घालून बाजार समितीत ओळखीच्या व्यापाऱ्याकडे त्याच दिवशी मोजून घेतले तर चालतील का? आणि प्रत्येक पट्ट्याचा नमुना किती न्यावा?