मदत हवी आहे: गाडीला पॉलिश करताना बॉनेटवर वेटोळी उमटली, पॅड लाल झाला, वेलक्रो सुटला

मंडळी, जरा लांबण लावते, पण सगळं सांगितल्याशिवाय चूक कुठे झाली ते कळायचं नाही.

गाडी बाबांची. लाल हॅचबॅक, २०१२ची, सोलापूरला अंगणात उभी असते. बाबा रोज सकाळी ती फडक्यानं पुसतात, कोरडीच. त्यामुळे उन्हात बॉनेटकडे बघितलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारख्या रेघा दिसतात. गॅरेजवाला म्हणाला, रबिंग मारून देतो. मी म्हटलं, आपणच करू. डीए मशीन (पॅड फिरवत थरथरवत पॉलिश करणारं, ड्युअल अ‍ॅक्शन) घेतलं, पाच इंची बॅकिंग प्लेटचं, म्हणजे ज्या चकतीवर वेलक्रोनं फोमचा पॅड चिकटतो तिचं. सोबत रेघा घासून काढायला दोन केशरी कटिंग पॅड, शेवटी चमक आणायला एक नरम काळा फिनिशिंग पॅड आणि मध्यम कटचं, म्हणजे मध्यम घासणारं पॉलिश.

पहिल्या रविवारी डावा फेंडर केला. इतका सुंदर झाला की शेजारच्या काकूंनी "नवीन घेतली का?" विचारलं. मग पॅड कपड्याच्या पावडरीनं धुतले, गच्चीच्या कठड्यावर वाळत टाकले आणि आठवडाभर तिथेच विसरले.

दुसऱ्या रविवारी दारं आणि बॉनेट घेतलं. तीन भानगडी झाल्या. बॉनेटवर डुकराच्या शेपटीसारखी बारीक बारीक वेटोळी उमटली, आधी ती नव्हती. पॅड लालभडक झाला. आणि शेवटी पॅडचा फोम वेलक्रोपासून सुटून भिरभिरत तुळशीच्या कुंडीवर जाऊन आदळला. तुळस वाचली.

क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, गेला का? आता फुल पेंटच करावा लागणार का?

प्रतिसाद
ताई, घाबरू नका. आधी तीन गोष्टी सांगा. वेटोळ्यावरून नख फिरवलं तर अडकतं का? लाल रंग सगळीकडे आला की एखाद्याच पॅनेलवर? आणि किती वाजता काम केलंत?

धागाकर्ती
नख अडकत नाही. रंगाचं तुम्ही विचारलंत तेव्हा लक्षात आलं, तो फक्त मागच्या डाव्या दाराला आला. बॉनेटचं पुसलेलं पॉलिश पांढरंच होतं. ते दार रिक्षा घासल्यावर गॅरेजमधून रंगवून घेतलं होतं. काम सकाळी आठला सुरू केलं, बॉनेटपर्यंत साडेदहा वाजले. पत्रा चांगलाच तापला होता, पॉलिश लावताच पावडर होत होतं.

प्रतिसाद
मग बॉनेटचा क्लिअर कोट शाबूत आहे. क्लिअर कोट पारदर्शक, त्यातून खालचा रंग पॅडला लागत नाही. त्या दाराला बहुधा वर क्लिअर न मारता नुसता सॉलिड रंग मारलाय. अशा रंगावर पॉलिश केलं की पॅडला रंग येणारच. खात्री करायची तर दाराच्या आतल्या कडेला पांढऱ्या फडक्यावर थेंबभर पॉलिश घेऊन हातानं घासून बघा. पण त्या दाराला वेगळा पॅड ठेवा. आणि एरवीही हात आखडता घ्या. कंपनीचा क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. कडांवर आणि पत्र्याच्या घडीवर तो आणखी पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावा.

वेटोळ्यांचं खापर मात्र पॉलिशवर फोडू नका, ते गच्चीचं काम आहे. आठवडाभर वाऱ्यात पडलेल्या फोमच्या भोकांत रेती बसली. डीए फिरतोही आणि थरथरतोही, म्हणून पॅडमधला एक कण सरळ ओरखडा न काढता वेटोळं काढतो. माझा पॅड एकदा पार्किंगमध्ये जमिनीवर पडला, फुंकर मारून परत लावला, तेव्हा हेच झालं होतं. तेव्हापासून पडला की तो पॅड त्या दिवसापुरता बाद.

प्रतिसाद
वेलक्रोबद्दल मी सांगतो. फोम आणि वेलक्रोमध्ये गोंद असतो. मशीनवर जोर दिला की पॅड फिरायचा थांबतो, नुसता थरथरतो, आणि मध्यभागी तापतो. त्यात तुमचा पॅड उन्हात भाजलेला. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करनं एक रेघ मारा, ती फिरताना दिसली पाहिजे. दिसत नसेल तर जोर कमी करा. सुटलेला पॅड चिकटवायच्या फंदात पडू नका, टाकून द्या.

पॉलिशचा एक हात फिरवून झाला की पॅड नरम ब्रशनं झाडायचा, कॉम्प्रेसर असेल तर हवा मारायची. सुकलेलं पॉलिश आणि निघालेला रंग फोममध्ये साचला की तो कापत नाही, नुसता धूसरपणा आणतो. एका हॅचबॅकला दोन कटिंग पॅड कमीच, चार तरी हवेत, पॅनेल-दोन पॅनेलला बदलायचे. धुताना कोमट पाणी आणि भांड्याचा लिक्विड साबण. पिळायचा नाही, तळव्यात दाबून पाणी काढायचं. मग फोम खाली, वेलक्रो वर असा सावलीत ठेवायचा, म्हणजे पाणी गोंदात मुरत नाही. वाळला की झिपच्या पिशवीत. कटिंग आणि फिनिशिंग एका पिशवीत नको.

प्रतिसाद
एवढ्या पैशात गॅरेजवाल्यानं दोनदा रबिंग मारलं असतं.

धागाकर्ती
मारलं असतं, पण मला मजा येतेय त्याचं काय!

अपडेट: काल पहाटे साडेसहाला, पत्रा गार असताना, बॉनेटचा दीड फूट चौकोन टेपनं आखून घेतला. नवा पॅड, पॉलिशचे वाटाण्याएवढे चार ठिपके. मशीनचा वेग एक नंबरवर ठेवून पसरवलं, चारवर आडवे-उभे हात फिरवले, एका सेकंदाला इंचभर. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसलं, कारण पॉलिशच्या तेलात रेघा लपतात म्हणे. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघितलं. वेटोळी गेली. जुनी एक-दोन खोल रेघ राहिली आहे, ती तशीच ठेवणार.

दाराचं बघितलं, पांढरा फडका लगेच लाल झाला. त्याला आता फक्त काळा पॅड आणि हलकं फिनिशिंग पॉलिश चालेल ना? आणि बाबांच्या फडक्याला काहीतरी पर्याय सुचवा, गाडी पुसल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.