प्रति: भयनाट्याच्या नृत्यात मारहाण कशी बसवायची?

केस धरून फरफटवणं खोटं वाटतं, रक्तावरून पाय घसरतात आणि प्रेक्षक हिंसेची नुसती मजा घेतात, अशा तीन अडचणी प्रश्न विचारणाऱ्याने मांडल्यात. आधी केसांचं. ओढणाऱ्याने रिकामी मूठ डोक्याला टेकवायची. जिला ओढायचंय तिने दोन्ही हातांनी त्याचं मनगट डोक्यावर दाबून धरायचं आणि पायांनी स्वतःला ढकलत सरकायचं. वेग, दिशा, थांबणं सगळं तिच्या ताब्यात. तो खरंच ओढू लागला की मानेला झटका बसलाच म्हणून समजा.

थप्पड मुंबईच्या पृथ्वी थिएटरात अवघड. प्रेक्षक तीन बाजूंना, त्यामुळे हात आणि गाल यांतली फट कुणाला तरी दिसतेच. तिथे हालचाल संथ करा, आवाज तिसऱ्या नर्तकाच्या टाळीतून येऊ द्या; ते जास्त अंगावर येतं.

ग्लुकोज सिरपचं रक्त मुंबईच्या दमट हवेत वाळत नाही. अनवाणी पाय आधी घसरतो, मग चिकटतो आणि गिरकीत गुडघा पिरगळतो. ते कपड्यांपुरतंच ठेवा.

मजेचं म्हणाल तर प्रेक्षक ठेक्यात रमले की संगीत तोडा, मारहाण तशीच चालू ठेवा. मात्र नर्तकांना ठेक्याची मोजणी तोंडपाठ हवी, नाहीतर तिथेच सगळे विस्कटतात.