निकाल लागला म्हणून लगेच बॅग भरायची का? एका पोस्टला उत्तर

जांभा, देवरूख

आमच्या वाडीच्या ग्रुपवर परवा एका मुंबईकर गाववाल्यांनी ‘निकाल लागला, आता बॅग भरा’ अशी लांबलचक पोस्ट टाकली आणि दोन दिवसांत ती सगळ्या पालकांच्या फोनवर फिरली. इथल्या महाविद्यालयात पदवी घेणे म्हणजे तीन वर्षे घरचा भात खाऊन झोपा काढणे, मुंबई-पुणे गाठले की वाट आपोआप सापडते, आणि जो परत येतो तो हरलेला असतो, असे तिचे तीन मुद्दे होते. तिसऱ्या मुद्द्यातला हरलेला मीच असल्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

मी 2009 साली बी.ए. होऊन स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेलो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर एका खोलीत आम्ही सहा जण होतो. कॉटचे 1,200, मेसचे 1,300 आणि अभ्यासिकेचे 400 रुपये हा महिन्याचा हिशेब वडिलांनी एसटीच्या तिकिटामागे लिहून घेतला होता, आणि ते तिकीट चार वर्षे त्यांच्या पाकिटात होते. मी दोनदा पूर्व परीक्षा पास झालो, दोन्ही वेळा मुख्य परीक्षेत घसरलो आणि तरीही परतलो नाही, कारण परत कधी यायचे हे निघताना कोणी ठरवलेच नव्हते. आईच्या पाटल्या गहाण पडल्याचे मला बहिणीकडून कळले. त्या पोस्टमध्ये शहराचे दहा फायदे दिले आहेत. पण किती महिने पुरतील एवढे पैसे घेऊन निघायचे आणि ते संपले की काय करायचे, याबद्दल एक ओळ नाही. जावे की राहावे हा प्रश्न मला त्यामुळे दुय्यम वाटतो.

विरार फास्ट

पोस्ट माझी आहे, आणि तिच्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही.

मी 1996 साली, म्हणजे कोकण रेल्वे पूर्ण सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी, लाल डब्यातून परळला काकांच्या खोलीवर उतरलो. दहा बाय बाराच्या त्या खोलीत सात माणसे राहत असल्यामुळे मी पहिले दीड वर्ष गॅलरीत झोपलो. दिवसा एका सीएच्या ऑफिसात शिपाईगिरी आणि संध्याकाळी रात्र महाविद्यालय, असे करत बी.कॉम. झालो. महिने मोजून निघा हे सांगायला ठीक आहे, परंतु ते मोजायला खिशात काही असावे लागते. माझ्याकडे घरच्या तांदळाची पिशवी होती आणि ती तिसऱ्या आठवड्यात संपली.

राहता राहिले इथले शिक्षण. बारावीच्या निकालात आपले कोकण मंडळ राज्यात पहिले येते. 2024 मध्ये राज्याचा निकाल 93.37 टक्के आणि आपला 97.51 टक्के होता. आपण पेढे वाटतो, आणि तीन वर्षांनी तीच मुले खाडीच्या पुलावर मोबाइल घेऊन बसलेली मला गणपतीत दिसतात. त्यांच्यापेक्षा गॅलरीत झोपणे बरे.

बंदरावरची, हर्णै

तुम्हा दोघांच्या आठवणी वाचून डोळे पाणावले. पण मुले अडकतात ती पुण्यात किंवा पुलावर नव्हे, तर सेतू केंद्राच्या रांगेत, हे कोणीतरी लिहायला हवे.

2024 साली वार्षिक 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले. माझ्या मुलीचा अभियांत्रिकीचा प्रवेश त्याच वर्षीचा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिचे आडनाव एक आणि आधारवर ‘गावकर’, कारण सासऱ्यांच्या काळी वाडीतल्या सगळ्यांनाच गावकर म्हणत आणि कार्ड काढणाऱ्या मुलाने तेच टंकले. मुदत संपायला चार दिवस उरले असताना ही चूक लक्षात आली. हर्णै-दापोली अशा तीन फेऱ्या झाल्या, आणि चौथ्या फेरीला मी टेबलासमोरून उठलेच नाही, तेव्हा कुठे काम झाले.

म्हणून अकरावीतल्या प्रत्येक घराला माझे सांगणे आहे की दाखला, आधार, बँकेचे पासबुक आणि जातीचे प्रमाणपत्र एकाच वेळी जमिनीवर पसरून नाव अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहा. उत्पन्नाच्या दाखल्यावर ‘31 मार्चपर्यंत वैध’ असे छापलेले असते ते वाचा. महाडीबीटीची, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरची, शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. खाते असणे आणि ते जोडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढे करा, आणि मग गॅलरीत झोपायचे की घरी, यावर खुशाल भांडा.

कलमवाला, रत्नागिरी

मला एका गोष्टीचे हसू येते. दापोलीला 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे आणि आमच्या शिरगावला 1981 पासून मत्स्य महाविद्यालय आहे, तरीही या धाग्यावर अजून कोणी त्यांचे नाव काढलेले नाही. मागच्या वर्षी कृषी पदवीचे सहा विद्यार्थी गावात राहून काम शिकण्यासाठी माझ्या बागेत आले होते. सहाही जण घाटावरचे होते. मोहोरावरचा तुडतुडा त्यांनी मला भिंगातून दाखवला, आणि माझा सख्खा पुतण्या त्या वेळी पडवीत बसून मुंबईच्या एका कॉल सेंटरचा अर्ज भरत होता. फवारणीला आणि राखणीला माझ्याकडे नेपाळी माणसे आहेत. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. पण ज्यांच्या आजोबांनी कलमे लावली, त्यांना बाग खंडाने देऊन दादरला वडापाव खायचा आहे.

विरार फास्ट

कलमवाले, बाग तुमच्या आजोबांची आहे म्हणून तुम्हाला हसू येते. आमच्या सातबाऱ्यावर 41 नावे आहेत, त्यांतली 13 माणसे मृत आहेत, आणि जमीन आहे 11 गुंठे. माझ्या वडिलांनी त्यात काजूची चार झाडे लावली, तर चुलत्यांनी कोयता घेऊन येऊन ती तोडली. असल्या घरातल्या मुलाने कृषी पदवी घेऊन काय करावे? तुमच्या बागेत राखणीला बसावे? ‘मुलांना माती नको’ ही तक्रार मी माती असलेल्यांच्याच तोंडून ऐकत आलो आहे.

कलमवाला, रत्नागिरी

कोयत्याचा दोष माझ्या माथी मारू नका. वारसनोंद करायला तुम्हाला कोणी अडवले होते? गणपतीत येता, पत्ते खेळता आणि जाता. दहा दिवसांतला एक दिवस तलाठ्याकडे घालवला असता, तर निदान 13 नावे कमी झाली असती.

विरार फास्ट

गणपतीत तलाठी कार्यालयाला कुलूप असते, कारण तलाठ्याच्याही घरी गणपती असतो.

बंदरावरची, हर्णै

हे मात्र खरे आहे.

जांभा, देवरूख

धागा सातबाऱ्यावर घसरला आहे, पण ही घसरण अगदीच बिनकामाची नाही. 41 नावांचा सातबारा तारण म्हणून कोणी घेत नाही, म्हणून आपल्याला शैक्षणिक कर्ज मिळणारच नाही, असे धरून बसलेली घरे मी पाहिली आहेत. बँकांच्या प्रचलित योजनेत 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, आणि हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात. एखाद्या शाखेत कोणी सातबारा मागितला, तर नकार लेखी मागावा. बोलणे बऱ्याचदा तिथेच बदलते.

विरार फास्ट यांचा एक मुद्दा मला मान्य करावा लागतो, तो म्हणजे बिनजमिनीच्या मुलाला ‘राहा’ म्हणणे सोपे नाही. मात्र त्यांचे काका परळला होते, म्हणजे गॅलरीचे भाडे त्यांना पडत नव्हते, हे त्यांनी पोस्टमध्ये लिहिले असते तर बरे झाले असते.

एसवाय केमिस्ट्री, चिपळूण

आपण सर्व मोठे आहात, म्हणून एक विचारतो. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून माझी एक केटी, म्हणजे एक विषय मागे राहिलेला, आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेता येते. मी चौथे वर्ष करावे, लोट्याला एमआयडीसीत जावे, की मुंबईला यावे? शिकवण्यांतून साठवलेले आणि आजीने दिलेले मिळून माझ्याकडे 22,000 रुपये आहेत.

जांभा, देवरूख

आधी केटी सोडव, कारण ती राहिली तर बाकीचे प्रश्न उद्भवतच नाहीत. एम.एस्सी. करायचे नक्की असेल तर चौथे वर्ष कर, कारण त्यानंतर एम.एस्सी. एका वर्षाची होते. नक्की नसेल, तर निव्वळ निर्णय पुढे ढकलण्यासाठी एक वर्ष विकत घेऊ नकोस. मी अशी चार घेतली होती. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली पदवीधरांनाही विद्यावेतनावर घेतात. तेव्हा लोट्याच्या रासायनिक कंपन्यांत या मे महिन्यातच चौकशी करून ठेव, पदवी हातात पडण्याची वाट पाहू नकोस.

कलमवाला, रत्नागिरी

कॉल सेंटरचा अर्ज भरणारा माझा पुतण्या आज लोट्यालाच गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. मुलाखतीत त्याच्या टक्केवारीबद्दल कोणी विचारले नाही. समोर ब्युरेट ठेवून वाचन घ्यायला सांगितले. तो खाली वाकला, पातळी डोळ्यांच्या रेषेत आणली आणि मग आकडा सांगितला. शेजारच्या उमेदवाराने उभ्यानेच सांगितला. तेव्हा प्रात्यक्षिकाला मित्राचे आकडे उतरवून घेत असशील, तर ते आजपासून बंद कर.

एसवाय केमिस्ट्री, चिपळूण

उतरवून घेतो, हे कबूल करतो. केटी प्रात्यक्षिकाचीच आहे.

विरार फास्ट

निदान खोटे तरी बोलला नाहीस. लोट्याला आधी जाऊन ये, हे मी जांभा यांच्याशी सहमत होऊन नव्हे, तर चिपळूणहून तिथे एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतता येते म्हणून सांगतो. तिथे जमले नाही, तर माझ्या नालासोपाऱ्याच्या पोटमाळ्यावर एक गादी आहे. तुझे 22,000 तिथे खाण्यापिण्याला आणि पासाला चार महिने पुरतील, आणि तेवढे महिने मी भाडे घेणार नाही. पाचव्या महिन्याचे मात्र घेईन, म्हणजे जांभा यांच्या जिवाला स्वस्थता लाभेल. गणपतीत आम्ही सगळे गावाला असतो. तेव्हा आलास, तर किल्ली शेजारच्या काकूंकडे मिळेल.