दारू सुटली म्हणून लगेच समुपदेशक?
तुमच्या भावाची दारू सुटली आणि आता त्याला समुपदेशक व्हायचंय, असं तुम्ही विचारलंत; त्यावर कुणीतरी दिलेलं 'अनुभव हीच पदवी' हे मत मला अर्धंच पटलं. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात (१९८६ पासून सुरू) पूर्वी उपचार घेतलेले बरेच जण कामाला लागलेत, हे खरं. पेशंटने थाप मारली की त्यांना लगेच कळतं; तीच थाप त्यांनीही कधीतरी मारलेली असते! पण एएमध्ये (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा स्वमदत गट) स्पॉन्सर, म्हणजे नव्या सदस्याचा अनुभवी सोबती, होणं ही नोकरी नव्हे. तिथल्या ८व्या परंपरेनुसार (म्हणजे गटाच्या तत्त्वानुसार) बाराव्या पायरीचं काम, म्हणजे इतर व्यसनींना मदत, विनामोबदलाच करायचं. पगार हवा तर व्यसनमुक्ती केंद्र. मग रात्रपाळ्या, नोंदवह्या, चिडलेले नातेवाईक हे सगळं आलंच. तुमच्या भावाने नोकरी लागल्यावरही स्वतःच्या एएच्या मीटिंगा मात्र सोडू नयेत. आणि घरी आधी बोलून घ्या, पगार बहुधा बेताचाच असतो.