नावातच शेवट सांगून टाकलाय, तरी घाम फुटतो: 'अ मॅन एस्केप्ड'

आडवाट:
रोबेर ब्रेसाँचा १९५६ चा हा फ्रेंच सिनेमा काल तिसऱ्यांदा बघितला. १९४३ साल, जर्मनांच्या ताब्यातलं लिआँ, तिथला माँल्युक तुरुंग आणि पळून जायची तयारी करणारा फाँतेन, बस एवढीच गोष्ट. आंद्रे दविन्यी खरंच तिथून निसटला होता, त्याच्या आठवणींवर बेतलाय. सुरुवातच बघा ना, गाडीतून नेताना फाँतेन दार उघडून पळतो आणि कॅमेरा त्याच्या मागे जातच नाही, गाडीतच थांबतो, त्याच्या रिकाम्या जागेकडे बघत. बाहेर गोळ्यांचे आवाज, आणि जरा वेळानं त्याला परत आणून तिथंच बसवतात. दुसऱ्या कुणी इथं दणदणीत पाठलाग घातला असता. मला वाटतं न दाखवल्यामुळेच आपण कान देऊन बसतो, कारण कोठडीतल्या माणसाला तरी दिसतंय काय, त्याचीही सगळी भिस्त कानावरच.

रातवा:
गाडीचा शॉट भारीच आहे, वाद नाही. पण चेहऱ्यांचं काय? फाँतेन झालेला फ्रान्स्वा लतेरिये मुळात नट नव्हता, आणि ब्रेसाँ तर आपल्या कलाकारांना 'मॉडेल' म्हणायचा, अभिनय नकोच असायचा त्याला. ऐन सुटकेच्या तोंडावर कोठडीत जोस्त नावाचा पोरगा आणून टाकतात, तो हेर आहे का कळायला मार्ग नाही, त्याला सोबत घ्यायचं की मारून टाकायचं हे फाँतेनला ठरवायचंय, आणि हे आपल्याला कळतं कसं, तर निवेदनातल्या सपाट आवाजात!! एका पोराचा जीव घ्यायचा विचार करणारा माणूस मला बघायचा होता हो. सुरुवातीला पाटी दाखवता की इथं १०,००० कैदी होते, त्यातले ७,००० मेले, आणि मग चमच्याकडे बघत बसायचं?

कानसेन:
चमच्याकडेच बघायचं! कोठडीच्या दाराच्या ओकच्या फळ्या जिथं जोडल्यात तिथलं लाकूड मऊ आहे हे त्याला कळतं, मग लोखंडी चमचा फरशीवर घासून त्याची पटाशी करायची, तासायचं, भुसा गोळा करायचा, पाऊल वाजलं की थांबायचं. दहा मिनिटांनी आपणही श्वास धरायला लागतो. आणि शेवटच्या रात्री तो कर्रकर्र आवाज येतो तो कसला हे कळेना, मग दिसतं की दोन भिंतींच्या मधून पहारेकरी सायकलवर फेऱ्या मारतोय. ते कर्रकर्र अजून डोक्यातून गेलं नाही माझ्या.

रातवा:
मग जॅक बेकरचा 'ल त्रू' (१९६०) बघा, तोही तुरुंगातून पळण्याचाच सिनेमा. तिथंही स्टार नाहीत, उलट १९४७ मध्ये खरोखर पळायचा प्रयत्न केलेल्यांपैकी एक जण त्यात कामच करतो. फरशी फोडायचा शॉट न कापता जवळजवळ चार मिनिटं चालतो, पण घाम दिसतो, एकमेकांवरचा भरवसा दिसतो. आणि तिथं कथा चालू असताना पार्श्वसंगीत अजिबात नाही. ब्रेसाँ मात्र कैदी घाणीच्या बादल्या रिकाम्या करायला निघाले की मोझार्टचं 'मास', म्हणजे चर्चमधलं प्रार्थनेचं संगीत लावतो. एवढं सगळं काढून टाकणाऱ्याला ते कशाला लागलं?

आडवाट:
मोझार्ट मलाही पहिल्यांदा खटकला होता, आता नाही खटकत, कारण त्या बादल्यांच्या वाटेवरच ही माणसं एकमेकांना भेटतात, दोन शब्द बोलतात, दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा. जोस्तबद्दल मात्र नाही पटलं. पहारेकऱ्याला मारतो तेव्हासुद्धा फाँतेन भिंतीच्या कोपऱ्याआड जातो आणि आपल्याला फक्त कोपरा दिसत राहतो. जो माणूस मारताना दाखवत नाही तो मारायचा विचार करतानाचा चेहरा तरी कशाला दाखवेल? आणि पुढं एक भिंत अशी येते की एकटा असता तर अडकलाच असता, तेव्हा कळतं पोराला सोबत घेतलं म्हणजे काय केलं ते. मला तर तिथं भरून येतं.

रातवा:
भिंतीचं पटलं. बाहेर पडल्यावर जोस्त म्हणतो ना, आईनं मला आत्ता बघायला हवं होतं, तिथं माझाही घसा दाटतो. पण ते जोस्त बोलतो, फाँतेन नाही.