बुजरी लेकरं आणि नवी शाळा : तुम्ही काय करता?

गावातली शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपते आणि लेकरू एसटीनं तालुक्याच्या हायस्कुलात जातं. वर्ग मोठा, ओळखीचे दोघं-तिघं. त्यातच वय अकरा ते चौदा, म्हणजे सोबत्यांची नजर सगळ्यात जास्त टोचण्याचं. अशा लेकरांसोबत रोज काम करणाऱ्यांनी आपली रीत लिहावी.

शिक्षिका, यवतमाळ जिल्हा
मोठ्यानं वाचायला लावणं ही खरी अडचणीची जागा. घरी वऱ्हाडी, पुस्तकात वेगळी मराठी. शब्द अडखळला की मागच्या बाकावर हसू फुटतं. म्हणून पहिला आठवडा फक्त बाकावरच्या जोडीदाराला वाचून दाखवायचं. मग चौघांनी एका सुरात. त्यानंतर जागेवरूनच दोन ओळी, पण कोणत्या ते आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. फळ्याजवळ बोलावणं सगळ्यात शेवटी. भीती दहापैकी किती, ते बोटांनी विचारते. तीन-चारवर उतरल्याशिवाय पुढची पायरी नाही. "धीट होईल" म्हणून पहिल्याच दिवशी परिपाठाला माइकसमोर उभं केलं, की लेकरू गप्प होतं आणि आपली भीती खरीच होती, हेच शिकतं. तोंडी उत्तर वऱ्हाडीत आलं तरी पूर्ण गुण द्या.

क्रीडाशिक्षक, वाशीम
कबड्डीचे गडी दोन कॅप्टनांना निवडू देऊ नका. शेवटी उरणारा रोज तोच असतो आणि ते सगळं मैदान पाहतं. एक-दोन, एक-दोन मोजून संघ पाडा.

समुपदेशक, ग्रामीण रुग्णालय
शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, रविवारी नाही? आधी डॉक्टरांना दाखवा. दुखणं नाटक समजू नका, भीतीनंही पोट खरंच दुखतं. शारीरिक कारण नसेल तर घरी ठेवू नका. घरी राहिलं की लगेच हायसं वाटतं, आणि त्या सुटकेमुळेच दुसऱ्या दिवशी भीती वाढते. अर्धा दिवस पाठवा, पण पाठवा. अपवाद एकच : कोणी छळत असेल तर आधी तो छळ थांबवा, पायऱ्या नंतर.
लाजणं वेगळं. सहा महिने उलटले, मोठ्यांसमोरच नाही तर बरोबरीच्या पोरांतही तोंड उघडत नाही, डबा एकटंच खातं, शाळा बुडते, तर मदत घ्या. टेली-मानस ही मनाच्या आजारांसाठीची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६, फोन फुकट, रात्रीही लागतो. पौगंडातल्या मुलांसाठी सरकारी दवाखान्यात मैत्री क्लिनिक आहे का, तेही विचारा.

अंगणवाडीताई, अमरावतीकडची
आपल्याकडं भुलाबाई आहे ना! पोरी घोळक्यानं घरोघरी गाणी म्हणतात, एकीचा आवाज वेगळा ऐकू येत नाही. बुजऱ्या पोरीला आधी टाळ्या, मग गाणं, मग खिरापत ओळखायला पुढं करा. पोराला तान्ह्या पोळ्यात, म्हणजे लेकरांच्या पोळ्यात, धाकट्या भावाचा लाकडी नंदी घेऊन घरोघरी पाठवा. दार वाजवून बोलावं लागतं, पण लोकांची नजर नंदीवर असते. पहिली चार घरं ओळखीचीच ठेवा. आणि पाहुण्यांसमोर "आमचा लय लाजाळू हाय" हे म्हणणं आजच बंद करा.